वाचकांचे प्रश्न : चिपच्या कारखान्यातील उतारा आणि खर्च

मागील अंकात गुजरातमधील धोलेरा येथील नियोजित चिप-कारखान्याची ओळख करून देणारा लेख आला होता. तैवानच्या पॉवरचिप कंपनीचे तंत्रज्ञान घेऊन टाटा इलेक्ट्रॉनिक्स हा कारखाना उभारत आहे. त्याला केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजुरी दिली, त्याची गुंतवणूक ९१,००० कोटी रुपये आहे आणि महिन्याला ५०,००० वेफर (ज्यांवर चिप घडवतात त्या सिलिकॉनच्या चकत्या) ही त्याची ठरवलेली क्षमता आहे. त्या लेखावर विदर्भातील गावांतून आलेल्या पत्रांचा रोख बव्हंशी एकाच गोष्टीकडे होता : एवढा पैसा ओतलेल्या कारखान्यात माल वाया किती जातो आणि तो वाचवतात कसा? त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : मी जिनिंगमध्ये कामाला आहे. आमच्याकडे क्विंटलभर कापसातून ३४ किलोच्या आसपास रुई निघाली, तर उतारा बरा समजतात. चिपच्या कारखान्यातही असा उतारा मोजतात का? तो शंभर टक्के का येत नाही?
— एक वाचक, हिंगणघाट (जि. वर्धा)

उत्तर : मोजतात, आणि कारखान्याचे सारे भवितव्य त्याच आकड्यावर अवलंबून असते. फरक एवढाच की, जिनिंगमध्ये रुई काढल्यावर मागे राहिलेल्या सरकीलाही बाजारात भाव मिळतो. पुरत्या बिघडलेल्या चिपला मात्र काहीच किंमत नसते, आणि तिच्यावर चांगल्या चिपइतकाच खर्च होऊन गेलेला असतो.

सिलिकॉनची ३०० मिलिमीटर व्यासाची आणि पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाडीची गोल चकती म्हणजे वेफर. तिच्यावर शेकडो चिप एकाच वेळी घडवल्या जातात. थर चढवणे, प्रकाशाने नक्षी उमटवणे, नको तो भाग कोरून काढणे, धुणे, घासून सपाट करणे अशा कित्येक शे पायऱ्यांतून तीच चकती पुन्हा पुन्हा जाते आणि या प्रवासाला दोन-तीन महिने लागतात. शेवटी बारीक सुया टेकवून प्रत्येक चिपची विद्युत चाचणी होते. एकूण चिपांपैकी जितक्या चांगल्या ठरतात, त्यांचे शेकडा प्रमाण म्हणजे या धंद्यातील उतारा, ज्याला तेथे यील्ड म्हणतात.

तो शंभर टक्के न येण्याची कारणे दोन जातींची असतात. पहिली जात योगायोगाने पडणाऱ्या कणांची. कापसाच्या एका तंतूची रुंदी साधारण १५ मायक्रॉन भरते, तर चिपवरील बारीक रेषा ०.१ मायक्रॉनहूनही अरुंद असतात. त्यामुळे डोळ्याला कधीच दिसणार नाही असा कणही दोन तारा जोडून टाकतो किंवा एखादी तोडतो. म्हणूनच हे काम क्लीनरूममध्ये चालते. छतातून गाळलेली हवा सतत खाली सोडायची आणि जमिनीतून ओढून घ्यायची, ही रचना अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेच्या विलिस व्हिटफिल्ड यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी दिली. आजच्या कारखान्यात वेफर त्या स्वच्छ हवेतही उघडे ठेवत नाहीत. पंचवीस-पंचवीस वेफर बंद डब्यांत घालून छताखालच्या रुळांवरून यंत्रापासून यंत्रापर्यंत नेले जातात, कारण खोलीतील कणांचा मोठा उगम म्हणजे माणूस स्वतः असतो.

दुसरी जात पद्धतशीर दोषांची. थराची जाडी कडेला कमी पडते, वरची नक्षी खालच्या नक्षीवर नेमकी बसत नाही, किंवा धुतलेले वेफर भट्टीत जाण्यापूर्वी ठरलेल्या वेळेपेक्षा अधिक थांबतात आणि त्यांच्यावर हवेतील ऑक्सिजनमुळे ऑक्साइडचा नको असलेला थर धरतो. हे दोष नशिबाचे नसतात; त्यांचे कारण सापडते आणि ते दूरही करता येते.

प्रश्न : चिप लहान केली की उतारा वाढतो, असे आम्हाला वर्गात सांगितले, पण हिशेब दाखवला नाही. कृपया आकड्यांनिशी सांगावे.
— तंत्रनिकेतनाचा विद्यार्थी, आर्वी (जि. वर्धा)

उत्तर : हा हिशेब वहीवर करून पाहण्याजोगा आहे. दोष वेफरवर कुठेही, एकमेकांशी संबंध न ठेवता पडतात, असे मानू. मग एखाद्या चिपवर एकही दोष नसण्याची शक्यता प्वासाँच्या सूत्राने मिळते. चिपचे क्षेत्रफळ आणि दर चौरस सेंटिमीटरमागील दोषांची संख्या यांचा गुणाकार करायचा आणि नैसर्गिक लॉगॅरिदमच्या पायाचा, म्हणजे २.७१८ चा, तेवढाच ऋण घात घ्यायचा. प्रत्यक्षात दोष पुंजक्याने पडतात, म्हणून कारखान्यांत या सूत्राच्या सुधारलेल्या आवृत्त्या वापरतात; तरीही समजून घेण्यासाठी मूळ सूत्र पुरेसे आहे.

दर चौरस सेंटिमीटरला ०.१ दोष, म्हणजे दहा चौरस सेंटिमीटरमागे एक दोष, असे धरा. दहा मिलिमीटर बाजूची चौरस चिप असेल तर ३०० मिलिमीटरच्या वेफरवर कडेचे तुकडे वगळून सुमारे ६४० चिप बसतात. सूत्राप्रमाणे उतारा ९०.५ टक्के येतो, म्हणजे सुमारे ५७९ चिप चांगल्या निघतात. आता वीस मिलिमीटर बाजूची चिप घ्या. त्याच वेफरवर सुमारे १४३ बसतात, उतारा ६७ टक्क्यांवर येतो आणि हाती ९६ राहतात. उदाहरणापुरता वेफरचा खर्च तीन लाख रुपये मानला, तर पहिली चिप सुमारे ५१८ रुपयांना पडते आणि दुसरी सुमारे ३,१२५ रुपयांना. क्षेत्रफळ चौपट झाले, पण चांगल्या चिपचा खर्च सहापट झाला. मोठ्या प्रोसेसरचे लहान तुकडे वेगवेगळे बनवून नंतर एकाच पॅकेजमध्ये, म्हणजे चिपच्या बाहेरच्या संरक्षक कवचात, जोडण्याची रीत एएमडीसारख्या प्रोसेसर-कंपन्यांनी धरली, तिच्यामागील एक मोठे कारण हेच आहे.

आता दोषांचे प्रमाण ०.१ वरून ०.५ वर जाऊ द्या. लहान चिपचा उतारा ६०.७ टक्के होतो, मोठ्या चिपचा मात्र केवळ १३.५ टक्के. नवी पद्धत सुरू करताना कारखान्याची अवस्था पुष्कळदा अशीच असते. पहिल्या वर्ष-दीड वर्षात दोष किती वेगाने खाली आणले, यावर तो कारखाना नफ्यात जाईल की नाही हे ठरते.

पायऱ्यांचाही एक हिशेब जाता जाता करून पाहा. पाचशे पायऱ्यांपैकी प्रत्येक पायरी ९९.९ टक्के बिनचूक झाली, तरी सर्व पायऱ्या बिनचूक पार पडण्याची शक्यता सुमारे ६०.६ टक्केच उरते. प्रत्येक पायरी ९९.९९ टक्के झाली तर ती ९५ टक्क्यांवर जाते, आणि ९९ टक्केच झाली तर एक टक्काही उरत नाही. शंभरात नव्याण्णव गुण मिळवणारी पायरी या धंद्यात नापास असते, हे विद्यार्थ्यांनी मनावर कोरून ठेवावे.

हा उतारा वाढवतात कसा, हेही आपल्या प्रश्नाच्या पोटात आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. चाचणी झाली की प्रत्येक वेफरचा नकाशा पडद्यावर येतो. चांगली चिप एका रंगात, बिघडलेली दुसऱ्या रंगात. जाणता अभियंता आधी टक्केवारी पाहत नाही, आकृती पाहतो. बिघडलेल्या चिप सर्वत्र विखुरलेल्या असतील तर संशय कणांवर जातो. कडेने कंकण दिसले तर थर चढवण्याच्या किंवा कोरण्याच्या पायरीत कडेला असमानता आहे. एका बाजूने दुसऱ्या बाजूला वाकडी रेघ गेली असेल, तर वेफर घासताना किंवा उचलताना ओरखडा पडला आहे. समजा, कंकण फक्त काही वेफरवर दिसते. मग त्या वेफरचा पूर्ण प्रवास काढून ते कोणकोणत्या यंत्रांतून गेले, हे निर्दोष वेफरच्या प्रवासाशी ताडून पाहतात. कोरण्याच्या एकाच यंत्राला तीन-चार कक्ष असतात, आणि कंकण असलेले सगळे वेफर त्यांपैकी तिसऱ्याच कक्षातून गेले होते असे निघाले, की तपासाची दिशा पक्की होते. कक्ष उघडल्यावर वेफरभोवतीचे कडे झिजलेले सापडते. ते बदलतात, आणि किती तासांनी बदलायचे याचा नवा नियम लिहिला जातो. उताऱ्यातील वाढ बहुतांशी अशा चिकाटीच्या शोधातूनच येते.

प्रश्न : बिघडलेल्या चिप फेकूनच देतात काय?
— एक शेतकरी, चिमूर (जि. चंद्रपूर)

उत्तर : सगळ्या नाही. मेमरीच्या चिपमध्ये जादा ओळी आणि स्तंभ आधीच ठेवलेले असतात. चाचणीत एखादी ओळ निकामी निघाली, तर तिच्या जागी राखीव ओळ कायमची जोडून देतात. प्रोसेसरमध्ये एखादा विभाग बिघडला, तर तो बंद करून तीच चिप कमी क्षमतेची म्हणून कमी दराने विकतात. वेग कमी भरला तरी तसेच. उरलेल्या चिप मात्र भंगारातच जातात.

प्रश्न : एवढ्या मोठ्या कारखान्यात मजुरी कमी करून किंवा स्वस्त कच्चा माल घेऊन खर्च आटोक्यात आणता येणार नाही का? आम्ही व्यापारी माणसे, आम्हाला तोच मार्ग ठाऊक.
— किराणा व्यापारी, मेहकर (जि. बुलढाणा)

उत्तर : आपला प्रश्न रास्त आहे, पण येथे पैसा वेगळ्याच ठिकाणी अडकलेला असतो. नव्या कारखान्याच्या खर्चातील सर्वांत मोठा वाटा यंत्रांच्या घसाऱ्याचा असतो, आणि तो साधारण पाच वर्षांत धरण्याची रीत आहे. धोलेऱ्याच्या आकड्यांवरून एक कल्पित हिशेब मांडू. ९१,००० कोटींपैकी ६०,००० कोटी यंत्रांवर गेले असे समजा. म्हणजे वर्षाचा घसारा १२,००० कोटी रुपये. महिन्याला ५०,००० प्रमाणे वर्षाला सहा लाख वेफर निघाले, तर प्रत्येक वेफरवर नुसत्या घसाऱ्याचे दोन लाख रुपये पडतात. कारखाना निम्म्या क्षमतेने चालला तर तेच चार लाख होतात. (भांडवलात केंद्र सरकारचा निम्मा वाटा आहे, तो येथे वजा केलेला नाही.) एका कामगाराच्या पगारात काटछाट करून जे वाचेल, ते एखादे महागडे यंत्र काही तास बंद राहिले की निघून जाते. म्हणून खर्च कमी करण्याचा पहिला मार्ग म्हणजे यंत्र रिकामे राहू न देणे. दुरुस्ती ठरल्या वेळी व्हावी, सुटे भाग हाताशी असावेत आणि ज्या यंत्रामुळे सारी रांग अडते त्या यंत्रापुढे काम कधीही संपू नये.

काटकसरीला जागा आहेतच. यंत्र नीट चालते की नाही हे पाहण्यासाठी चाचणीचे कोरे वेफर वापरतात. ते पुन्हा घासून कित्येकदा वापरता येतात, आणि त्यांची संख्याही विचारपूर्वक कमी करता येते. काम नसताना निर्वात पंप मंद गतीवर ठेवणे, धुण्याचे पाणी शुद्ध करून परत वापरणे आणि एका वेळी एकाच चिपऐवजी अनेक चिप तपासून चाचणीयंत्राचा वेळ वाचवणे हे सर्व मार्ग रूढ आहेत. चाचणीच्या बाबतीत एक अनुभवसिद्ध आडाखा सांगतात : एका टप्प्यावर सुटलेला दोष पुढील टप्प्यावर सापडला, तर त्याचा खर्च सुमारे दहापट होतो. वेफरवरच पकडलेली वाईट चिप पॅकेजचा खर्च वाचवते. ती मोटारीत बसल्यावर निकामी ठरली तर काय होते, याची कल्पना आपण करू शकता.

परंतु कच्च्या मालाच्या शुद्धतेत काटकसर करणे म्हणजे खर्च वाढवणे. जानेवारी २०१९ मध्ये तैवानच्या टीएसएमसी कंपनीच्या एका कारखान्यात पुरवठादाराकडून आलेल्या प्रकाशसंवेदी रसायनाच्या एका खेपेत दोष निघाला आणि हजारो वेफर रद्द करावे लागले. त्या तिमाहीच्या उत्पन्नावर सुमारे ५५ कोटी डॉलरचा परिणाम होईल, असे कंपनीने स्वतः जाहीर केले. तपासणी कमी करण्याचेही तसेच आहे. दिवसाला ५०० वेफर हाताळणाऱ्या यंत्रातील बिघाड तीन दिवस लक्षात आला नाही, तर १,५०० वेफर धोक्यात येतात. वरच्या हिशेबाने ते ३० कोटी रुपयांचे होतात, आणि ज्याने तो बिघाड पहिल्याच दिवशी दाखवला असता त्या मोजमापाचा खर्च त्यापुढे नगण्य ठरतो. माझे स्पष्ट मत आहे की, या उद्योगात खरी बचत लवकर सापडलेल्या दोषातच असते, आणि खरेदी विभागाने दर ठरवताना उतारा सांभाळणाऱ्या अभियंत्याला शेजारी बसवले पाहिजे.

प्रश्न : आमच्या भागात दिवसातून अनेकदा वीज जाते-येते. असा कारखाना विदर्भात येऊ शकेल का?
— शिक्षक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : वीज चंद्रपूर आणि कोराडी येथे तयार होते, एवढे पुरेसे नाही, ती अखंड आणि एकाच दाबाची हवी. जपानमधील योक्काइची येथील मेमरी कारखान्यात १५ जून २०१९ रोजी १३ मिनिटे वीज खंडित झाली. तेथील भागीदार वेस्टर्न डिजिटल कंपनीने आपले नुकसान सुमारे सहा एक्साबाइट, म्हणजे साठ लाख टेराबाइट साठवणक्षमतेचे असल्याचे सांगितले. विजेचा दाब सेकंदाच्या छोट्या अंशापुरता उतरला तरी पंप आणि वायूंचे नियंत्रण अडखळते आणि त्या क्षणी यंत्रात असलेले वेफर वाया जातात. त्यामुळे अशा कारखान्याला दोन स्वतंत्र वाहिन्या आणि दाब सावरणारी साधने लागतात. पाणीही अतिशुद्ध लागते. त्याचा विशिष्ट रोध, म्हणजे ते विजेला किती अडवते याचे माप, १८.२ मेगओम-सेंटिमीटर असावा लागतो, आणि क्षारयुक्त भूजलापासून ते बनवणे खर्चिक आहे. चिप कापून पॅकेजमध्ये बसवणारे आणि तपासणारे कारखाने, जसे गुजरातमधील साणंद आणि आसाममधील जागीरोड येथे होत आहेत, तुलनेने कमी मागण्या करतात. आपल्या भागाने आग्रह धरायचा असेल तर आधी त्यांचा धरावा.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या महाविद्यालयात क्लीनरूम नाही आणि वेफर आम्ही चित्रातच पाहिला आहे. उताऱ्याचे काम शिकायचे असेल तर घरबसल्या काही करता येईल का?
— विद्यार्थिनी, वरुड (जि. अमरावती)

उत्तर : निश्चित करता येईल, आणि उताऱ्याच्या अभियंत्याचा बराचसा दिवस आकड्यांसमोरच जात असल्याने ते खऱ्या कामाच्या जवळचे असेल.

सेकॉम नावाचा एक माहितीसंच विनामूल्य उपलब्ध आहे. तो एका खऱ्या चिप-कारखान्यातील असून त्यात १,५६७ नोंदी आहेत. प्रत्येक नोंदीत यंत्रांवरील ५९० मोजमापे आहेत आणि शेवटी ती पास की नापास, हे दिले आहे. नापास नोंदी केवळ १०४ आहेत. येथेच पहिला धडा मिळतो. 'सगळ्या पास' असे डोळे झाकून सांगणारा प्रोग्रॅमही ९३ टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर ठरतो, आणि तरीही तो कवडीमोल असतो, कारण पकडायच्या होत्या त्या १०४ पैकी त्याने एकही पकडलेली नसते. म्हणून अचूकतेची एकूण टक्केवारी बाजूला ठेवून दोन आकडे लिहा : खऱ्या नापासांपैकी किती पकडल्या, आणि खोटे इशारे किती दिले. खोट्या इशाऱ्यामुळे चांगले यंत्र विनाकारण थांबते, सुटलेल्या दोषामुळे वेफर वाया जातात. दोन्हींची रुपयांतील किंमत गृहीत धरून एकूण नुकसान कमीत कमी कुठे येते ते शोधलेत, तर तो अभ्यास कोणत्याही मुलाखतीत मांडता येईल.

काम करताना आढळेल की काही मोजमापे सर्व नोंदींत सारखीच आहेत. ती काढून टाका. पुष्कळ रकाने अर्धवट रिकामे आहेत; ते आंधळेपणाने सरासरीने भरू नका, आधी रिकामे का राहिले असतील याचा विचार करा. नोंदींना तारखा आहेत, तेव्हा आधीच्या महिन्यांवर शिकवून नंतरच्या महिन्यांवर तपासा. नोंदी सरमिसळ करून तपासल्यास निकाल खोटाच चांगला दिसतो, कारण प्रत्यक्ष कारखान्यात उद्याची माहिती आज हाती नसते.

त्यानंतर डब्ल्यूएम-८११के हा वेफरच्या नकाशांचा संच घ्या. त्यात आठ लाख अकरा हजारांहून अधिक नकाशे आहेत, आणि त्यांपैकी सुमारे एक लाख ७३ हजारांवर तज्ज्ञांनी मधला डाग, कंकण, ओरखडा अशी नावे घातली आहेत. प्रोग्रॅमला शिकवण्यापूर्वी दोन-तीनशे नकाशे स्वतः डोळ्यांनी पाहा आणि प्रत्येकापुढे संभाव्य कारण लिहा.

याखेरीज नियंत्रण-आलेख, म्हणजे मोजमापांचे चढउतार ठरलेल्या मर्यादांत आहेत की नाही हे दाखवणारा आलेख, हाताने काढण्याची सवय लावा. वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ मध्ये मांडलेले हे साधन आजही प्रत्येक चिप-कारखान्यात चालते. सरावासाठी गावातील दूध संकलन केंद्रावरील फॅटचे रोजचे आकडे मिळाले तरी चालतील. सरासरीची रेषा काढा, वर-खाली तीन प्रमाण विचलनांवर (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचे माप म्हणजे प्रमाण विचलन) मर्यादा आखा, आणि एखादा बिंदू मर्यादेबाहेर गेला किंवा सलग सात-आठ बिंदू सरासरीच्या एकाच बाजूला राहिले, तर त्या दिवसांत काय बदलले होते ते केंद्रावर जाऊन विचारा.